धूर, पाणी, राख आणि थोडं सोनं

विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि शेजारचे माण-खटाव. या पट्ट्यातल्या कुठल्याही गावात पारावर बसून ‘अमक्याचा पोरगा काय करतो?’ असं विचारलं, तर निम्म्या वेळा उत्तर येतं, ‘गलाईवर आहे.’ गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी आटवायचं आणि शुद्ध करून द्यायचं. माळाची जमीन, बेभरवशाचा पाऊस. टेंभू योजनेचं पाणी शिवारात आलं ते फार उशिरा. तोवर आमच्या आधीच्या पिढ्या वळकटी बांधून देशभर पांगल्या होत्या. कोलकात्यापासून केरळपर्यंत जिथं सराफ बाजार आहे, तिथल्या एखाद्या बोळात सांगली-साताऱ्याकडचा गलाईवाला सापडतोच.

मी कोइमतूरला होतो. खाली भट्टी, वर माळा, माळ्यावर बिऱ्हाड. ‘घरच्या घरी सोनं शुद्ध करणं’ हा हल्लीच्या पोरांचा छंद असेल. आमचं घर आणि दुकान यांच्यामध्ये एक लाकडी जिना होता, बस्स. आता दुकान पुतण्या बघतो आणि मी गावाकडं असतो. पण फोन येत राहतात. कुणीतरी व्हिडिओ पाहिलेला असतो: बादलीत जुन्या मोबाईलच्या पट्ट्या, वरून तेजाब, आणि दहा मिनिटांत तळहातावर सोन्याचा मणी. ‘मामा, आपण करायचं का?’ प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो.

१. सोनं मुशीत तयार होत नाही

आधी किती आहे ते काढा, मग भट्टी पेटवा. हे इतकं उघड आहे की कुणी ऐकत नाही. कोइमतूरला हिशेब पवनात चालतो. एक पवन म्हणजे ८ ग्रॅम. बावीस कॅरेटच्या एका पवनात शुद्ध सोनं ७.३३ ग्रॅम, अठरा कॅरेटच्या पवनात बरोबर ६. याच्यावर एक कणही जास्त मिळणार नाही, मग भट्टी कितीही मोठी असो आणि आटवणारा कितीही हुशार असो. उलट काही ना काही कमीच मिळेल.

कस बघायची जुनी रीत म्हणजे काळा दगड. दागिना त्यावर घासून रेघ ओढायची, शेजारी माहीत असलेल्या कसाच्या काडीची रेघ ओढायची, दोन्हींवर तेजाब फिरवायचं आणि कुठली रेघ किती टिकते ते बघायचं. सरावलेल्या माणसाचा डोळा यात थक्क करतो. आता टंच काढायची यंत्रं आली. एक्स-रे मारला की पडद्यावर आकडे येतात. पण हे यंत्र वरची कातडी तेवढी वाचतं, काही मायक्रॉनची. जाड मुलाम्याची बांगडी यंत्राला बावीस कॅरेटची वाटू शकते. म्हणून आमच्यात शिरस्ता असा: आधी आटवायचं, रस ढवळायचा, मग नमुना घ्यायचा आणि मग टंच. आटवल्याशिवाय सांगितलेला कस हा अंदाज असतो, आणि अंदाजावर पैसे मोजणारा सराफ मी पाहिलेला नाही.

२. आगीनं सोनं शुद्ध होत नाही

अग्निपरीक्षेच्या गोष्टी ऐकून आपली समजूत अशी झालेली असते की सोनं तापवलं की हीण जळून जातं. तसं काही होत नाही. चांदी ९६२ अंशांना वितळते, सोनं १०६४ ला, तांबं १०८५ ला. तिघं शेजारी शेजारी. मुशीत घातलं की तिघं मिळून एकच रस होतो, आणि थंड झाल्यावर तिघं मिळूनच लगड होते. टाकणखार टाकला की वरचा मळ, थोडं जळलेलं तांबं, लाखेची राख असलं काही तो ओढून घेतो आणि काचेसारखा बाजूला जमतो. लगड चकचकीत दिसते. गिऱ्हाईक खूश होतं. कस मात्र जवळपास तेवढाच असतो.

आग फक्त एकजीव करते. वेगळं करायचं काम तेजाबाचं. घरच्या गॅसवर दागिना वितळवून ‘शुद्ध केलं’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

३. शुद्ध करायच्या सोन्यात आधी चांदी मिसळावी लागते

नव्या पोराला हे सांगितलं की तो संशयानं बघतो. चोख करायचंय म्हणता आणि वर चांदी घालता?

कारण असं. शोऱ्याचं तेजाब, म्हणजे नायट्रिक, तांबं आणि चांदी खातं, सोन्याला हात लावत नाही. पण बावीस कॅरेटच्या लगडीत सोनंच इतकं दाट असतं की आतली चांदी आणि तांबं तेजाबाला सापडत नाहीत. वरचा थर खाल्ला की काम थांबतं. मग सोनं विरळ करावं लागतं: एकूण वजनाच्या साधारण चौथाई सोनं, बाकी चांदी-तांबं. १० ग्रॅम बावीस कॅरेटमध्ये सोनं ९.१७ ग्रॅम. ते चौथाई व्हायचं तर एकूण वजन ३६.६८ हवं, म्हणजे २६-२७ ग्रॅम चांदी वरून घालायची. दोन्ही एकत्र आटवायचं आणि रस पाण्यात ओतून दाणे पाडायचे, म्हणजे तेजाबाला शिरायला जागा मिळते.

या प्रमाणात खरा कसबी दिसतो. चांदी कमी पडली तर तेजाब मध्येच अडकतं आणि आत हीण राहतं. फार जास्त झाली तर सोनं पिठासारखं बारीक पडतं, आणि पाणी निथारताना कधी वाहून गेलं ते कळत नाही. बरोबर जमलं तर दाण्याचा आकार तसाच राहतो, फक्त रंग काळपट तपकिरी होतो. ते सोनं. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते जळलेल्या चहाच्या पुडीसारखं दिसतं आणि त्याचा जीव खालीवर होतो. मग गरम पाण्यानं धुवायचं. धुतलेल्या पाण्यात मिठाचं पाणी टाकून बघायचं. दुधासारखं पांढरं झालं तर चांदी अजून निघतेय, अजून धुवा. पाणी स्वच्छ राहिलं की वाळवायचं, आटवायचं, आणि मग पिवळं दिसतं.

आमच्या दुकानात कितीतरी किलो चांदी याच कामासाठी फिरत असायची. तीच चांदी, पुन्हा पुन्हा. गलाईचं भांडवल म्हणजे सोनं नाही, ही चांदी.

४. ‘केडीएम’ शिक्क्याला भ्यायचं

लोकांना वाटतं, केडीएम म्हणजे जास्त चोख. एका अर्थी खरं होतं: जुन्या डाकात, म्हणजे सांधे जोडायच्या मिश्रणात, तांबं-चांदी जास्त असायची, त्यानं दागिना आटवल्यावर कस घसरायचा. कॅडमियम मिसळलेल्या डाकात, म्हणजेच केडीएममध्ये, सोनं जास्त ठेवता यायचं, म्हणून कस टिकायचा. पण कॅडमियम ७६७ अंशांनाच उकळतं. सोनं अजून वितळायचंही असतं, तेव्हा हे धूर होऊन सोनाराच्या आणि नंतर गलाईवाल्याच्या छातीत गेलेलं असतं. ते मूत्रपिंडात साठतं आणि सहजी बाहेर पडत नाही.

आता कॅडमियमचा डाक वापरायचा नसतो. पण घराघरांत त्या काळातले हार, पाटल्या आहेत, आणि त्या मोडीला येत राहणार. मूस तापताना पिवळट-तांबूस धूर दिसला की आमचे आण्णा सगळ्यांना बाहेर काढायचे, गिऱ्हाईकालासुद्धा. त्यांना कॅडमियम हा शब्द माहीत नव्हता. धूर माहीत होता.

५. तपकिरी धूर लगेच मारत नाही, म्हणून तो जास्त वाईट

हा धडा सगळ्यांत मोठा. घाईत असाल तर बाकीचे सोडा, हा वाचा.

शोऱ्याचं तेजाब चांदी-तांब्याला भिडलं की तपकिरी-तांबूस वाफ निघते. नायट्रोजन डायऑक्साइड. वास उग्र असतो, डोळे चुरचुरतात, खोकला येतो. माणूस बाहेर येतो, पाणी पितो, बरं वाटतं. जेवतो, झोपतो. आणि चार-सहा तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसात पाणी भरायला लागतं. आमच्या बोळातला एक पोरगा असाच गेला. थंडी होती म्हणून दार लावून काम करत होता. संध्याकाळी आमच्याबरोबर चहा प्यायला, चांगला हसत-बोलत होता. पहाटे त्याला दवाखान्यात नेलं तेव्हा ओठ निळे पडले होते. डॉक्टरला कुणी सांगितलंच नाही की तो कसलं काम करतो. सांगितलं असतं तर कदाचित वेळेत उपाय झाला असता. म्हणून हे काम करणाऱ्याच्या घरच्यांना माहीत असलं पाहिजे: धूर छातीत गेला असेल तर बरं वाटत असलं तरी दवाखाना, आणि तिथं पहिलं वाक्य ‘तेजाबाचा धूर लागलाय’ हेच.

आमच्याकडं आधी नुसतं धुराडं होतं. नंतर शोषून घेणारा पंखा आणि धूर पाण्यातून नेणारी टाकी बसवली. नाकाला ओला रुमाल बांधणं हा उपाय नाही, ती मनाची समजूत आहे. धूळ अडवणारा साधा मास्कही या वाफेला अडवत नाही. आणि ज्या घरात लहान मूल आहे त्या घरात तेजाबाची बाटली असता कामा नये, मग ती कुलपात का असेना. पाण्यात तेजाब ओतायचं, तेजाबात पाणी नाही, एवढं शाळेत शिकवतात. तेजाब पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नये, हे शाळेत शिकवत नाहीत, आणि माणसं त्यानंच जास्त जातात.

जिन्याच्या वर बिऱ्हाड ठेवणं हे आमच्या पिढीनं गरिबीपोटी केलं. पुतण्यानं पहिलं काम केलं ते बिऱ्हाड दुसरीकडं हलवायचं. त्यानं बरोबर केलं.

६. निळं पाणी गटारात सोडलं की हिशेब चुकला

चांदी तेजाबात विरघळली म्हणजे गेली नाही. त्या पाण्यात तांब्याचा पत्रा सोडायचा. तांबं विरघळतं आणि चांदी करड्या मऊ गाळासारखी पत्र्यावर जमते. रात्रभरात पाणी निळंशार होतं. गाळ धुऊन आटवला की चांदी परत हातात. मग त्या निळ्या पाण्यात लोखंडाचे तुकडे टाकायचे, तांबं परत मिळतं. शेवटी उरतं ते आंबट, लोखंड विरघळलेलं पाणी. त्यात चुना मिसळून आम्ल मारायचं, गाळ बसू द्यायचा. तो गाळसुद्धा उकिरड्यावर फेकायचा नसतो, धोकादायक कचरा उचलणाऱ्यांकडं द्यायचा असतो.

एवढं सगळे करतात का? नाही. चांदी महाग म्हणून ती सगळे काढतात. तांब्यापर्यंत निम्मे जातात. चुन्यापर्यंत येणारे मोजके. सराफ बाजाराच्या मागच्या गटारी ज्यांनी पाहिल्यात, त्यांना हे वेगळं सांगायला नको. आमच्या धंद्याबद्दल मला अभिमान आहे, पण या बाबतीत नाही.

गलाईवाल्याची बोटं काळी असतात, ती याच पाण्यानं. चांदीचं द्रावण कातडीला लागलं की उन्हात काळं पडतं आणि साबणानं जात नाही. कातडी झडेल तेव्हाच जाणार. गावाकडं सोयरीक बघायला गेलं की पाहुणे आधी हात बघायचे. काळी बोटं म्हणजे पोरगा कमावतो.

७. आम्लराज सोपं वाटतं, पण प्रत्येक कामाला नाही

आम्लराज म्हणजे तीन भाग मिठाचं तेजाब (हायड्रोक्लोरिक), एक भाग शोऱ्याचं. एकेकटं कुणीच सोन्याला विरघळवू शकत नाही, दोघं मिळून विरघळवतात. चांदी मिसळायची कटकट नाही, आणि कस अगदी वर जातो. व्हिडिओवाल्यांना म्हणूनच हे आवडतं. पण दागिन्यात चांदी जास्त असली तर सोन्यावर चांदीच्या क्षाराचं पांढरं कवच चढतं आणि काम बंद पडतं. दागिन्यात काय आहे ते आधी माहीत नसलं तर माणूस तेजाबावर तेजाब ओतत बसतो.

विरघळलेलं सोनं परत खाली आणायला आमचे जुने लोक हिराकस वापरायचे. आता बहुतेक जण सोडियम मेटाबायसल्फाइट टाकतात. तेही आम्लात गेलं की गंधकाची घुसमटवणारी वाफ सोडतं. सोनं तपकिरी भुकटी होऊन तळाला बसतं. आधी उरलेलं शोऱ्याचं तेजाब मारलं नाही, तर बसलेलं सोनं परत विरघळतं. काहींना मग वाटतं की सोनं ‘उडून गेलं’. ते त्या पिवळ्या पाण्यातच असतं. घाईनं मोरीत ओतणाऱ्यांचं मात्र खरंच जातं.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. सोन्याच्या किंवा चांदीच्या द्रावणाला अमोनिया किंवा नौसादर लावून कसलेही प्रयोग करू नका. त्यातून तयार होणारे काही पदार्थ वाळल्यावर नुसत्या घासण्यानं फुटतात. शेकडो वर्षांपूर्वीच्या किमयागारांनाही हे ठाऊक होतं.

आणखी एक. आम्लराजानं सगळं विरघळून तळाला काळे चमकदार कण उरले, तर समजावं की कुणीतरी इरिडियमची भुकटी मिसळली होती. ते सोन्यापेक्षा जड, सोन्यात मुरत नाही, तेजाबाला दाद देत नाही. वजन भरतं, सोनं नसतं. आमच्या बोळात यावरून भागीदाऱ्या मोडल्या.

८. राख फेकणारा गलाईवाला टिकत नाही

सोनाराच्या पाटाखाली चटई असते, ती महाग असते. विकत आणताना नाही, जाळताना. काम करताना उडालेला कीस तिच्यात मुरतो. मूस फुटली की तिचे तुकडे, टाकणखाराची काच, हात धुतलेलं पाणी, झाडलोट, पुसायची फडकी, सगळं ठेवायचं असतं. वर्षाकाठी जाळायचं, कुटायचं, धुवायचं, आटवायचं. चांगल्या चालणाऱ्या दुकानात दिवाळीचा खर्च त्यातून निघतो.

आणि आपण ठेवलं नाही तर ठेवणारे आहेत. झारेकरी. कोल्हापूरच्या गुजरीत असोत की मुंबईच्या झवेरी बाजारात, पहाटे दुकानं उघडायच्या आत गल्लीतली धूळ आणि गटारातला गाळ उपसून ही माणसं पाटीत घोळवतात. सोन्याची घनता १९.३, मातीची अडीचच्या आसपास. हिसडा देत फिरवलं की माती वर येऊन वाहते आणि जड कण तळाशी राहतात. पुढं काही जण पारा वापरतात, ते वाईट. पारा तापवून उडवला की तो घोळवणाऱ्याच्या डोक्यात जातो. पण नजर आणि सोशिकपणा यात झारेकऱ्याचा हात धरणारा मी पाहिला नाही. आम्ही गलाईवाले त्यांच्यापुढं शेठ.

राखेतच जरी येते. जुन्या पैठण्या, शालू यांची खरी जरी म्हणजे चांदीची तार आणि वर सोन्याचा मुलामा. ती जाळली की चांदीचा गोळा मिळतो, आणि तो तेजाबात टाकला की तळाला चिमूटभर सोनं. दारावर ‘जुन्या जरीच्या साड्या’ ओरडत येणारा माणूस वेडा नाही. पण अलीकडच्या साड्यांत बहुतेक तांब्याची तार किंवा नुसतं प्लास्टिक असतं; ती जाळून घाण धुराशिवाय काही निघत नाही. आजीचा शालू जाळायच्या आधी एक धागा काढून बघा. आणि खरी जरी निघाली तर जाळूच नका, माझं ऐका. त्या शालूची नेसायची किंमत त्याच्या चांदीपेक्षा जास्त आहे.

९. मोबाईलमध्ये सोनं आहे. तुमच्या बादलीत नाही

आता मूळ प्रश्न. भाच्यानं विचारलं, ‘मामा, भंगारवाल्याकडून जुने फोन किलोवर मिळतात. घरीच काढू?’

फोनमध्ये सोनं असतं, यात खोटं काही नाही. जोडण्यांच्या टोकांवर, चिपच्या तारांत. पण तो थर मायक्रॉनच्या भाषेत मोजायचा. जपाननं टोकियो ऑलिंपिकची पदकं टाकाऊ उपकरणांतल्या धातूंपासून केली, त्याचे आकडे जाहीर आहेत. दोन वर्षं सगळ्या देशानं गोळा केलं: ७८,९८५ टन उपकरणं, शिवाय सुमारे ६२ लाख मोबाईल. त्यातून सोनं निघालं ३२ किलो. पहिल्या आकड्यानं भागलं तर टनाला अर्धा ग्रॅमसुद्धा पडत नाही. त्यात लहानसहान घरगुती यंत्रंही होती, नुसत्या फोनचं प्रमाण पुष्कळ चांगलं असतं, हे मान्य. पण हे काम कारखान्यांनी केलं, जिथं तांबं, चांदी, पॅलेडियम सगळं वसूल होतं आणि धूर-पाण्याची सोय असते. बादलीवाल्याला फक्त सोनं हवं असतं. त्यामुळं पट्टीतलं तांबं त्याचं निम्मं तेजाब खाऊन टाकतं, प्लास्टिक जाळल्याचा धूर शेजाऱ्यांच्या घरात जातो आणि शिशाचं डाकपाणी जमिनीत.

व्हिडिओत जो मणी दिसतो तो किती किलो मालातून आला आणि तो माल कितीला पडला, हे कुणी दाखवत नाही. बऱ्याचदा तो जुन्या सिरॅमिक प्रोसेसरचा असतो, ज्यांत सोनं खरंच जास्त असायचं आणि जे आता सोन्यापेक्षा हौशी लोकांच्या संग्रहात महाग विकले जातात.

आणि कायदा. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नोंदणी नसलेल्यानं ई-कचऱ्यातून धातू काढायचा नाही. भाच्याला मी एवढंच सांगितलं: फोन गोळा कर, सुटे करायच्या भानगडीत न पडता नोंदणी असलेल्या पुनर्वापर कारखान्याला दे, वाहतूक आणि कमिशनचे पैसे घे. तो नाराज झाला. पण आता तेच करतो.

१०. वहीत लिहिलेलंच सोनं आपलं

आमचे आजोबा १९६३ चा सुवर्ण नियंत्रणाचा काळ सांगायचे. १४ कॅरेटच्या वर दागिना घडवायचा नाही असा हुकूम निघाला आणि सोनारांच्या भट्ट्या विझल्या. पुढं १९६८ चा कायदा आला, सोन्याची बिस्किटं खाजगी माणसानं बाळगायची नाहीत. तो १९९० साली रद्द झाला. या सगळ्या काळात आमच्या लोकांनी एकच सवय लावून घेतली: आलेला प्रत्येक डाग, वजन, आणणाऱ्याचं नाव, तारीख.

तीच सवय आजही वाचवते. गलाईवाल्याच्या नशिबी पोलिस असतात. परमुलखातला माणूस, भाषा तोडकी, दुकानात सोनं. चोर पकडला गेला की त्याला बोट दाखवायला गलाईवाला सोपा. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ४११ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं ३१७: चोरीचा माल माहीत असून घेतला तर शिक्षा. ‘माहीत नव्हतं’ हे सिद्ध करायला तोंड पुरत नाही, वही लागते. ओळखपत्राशिवाय आलेला माल आम्ही परत पाठवायचो. आटवलेल्या सोन्याला ओळख राहत नाही, म्हणूनच चोराला गलाईवाला हवा असतो. आता हॉलमार्कवर सहा अक्षर-अंकांचा क्रमांक येतो, त्याचीही नोंद करावी.

पण खरं सांगायचं तर वही असूनही त्रास होतो, आणि तो ज्याला होतो त्याचं कुणी ऐकत नाही. गावी आमदारांना निवेदनं देऊन झाली. यात्रेला रेणावीला रेवणसिद्धाच्या दर्शनाला सगळे गलाईवाले जमतात, तेव्हा पहिला विषय हाच असतो, दुसरा पावसाचा.

११. गिऱ्हाईक समोर बसलं पाहिजे

मूस चढली की गिऱ्हाईकाला उठू द्यायचं नाही. आमच्या धंद्यात शंभर वर्षं माणसं सांगलीहून परक्या शहरात गेली आणि अनोळखी लोकांनी त्यांच्या हातात सोनं दिलं, ते एवढ्या एका गोष्टीवर. वजन समोर, आटणी समोर, लगड समोर, नमुना समोर.

तुम्ही घरी काही करू नका. पण मोडीचं सोनं असेल तर सराफानं ‘इतकी घट येते’ म्हणून आकडा फेकला की लगेच मान डोलवू नका. खडे, लाख, मेण काढून वजन करून घ्या आणि ते लिहून घ्या. आटवताना समोर बसा. लगडीचं वजन करा. टंच लगडीचा काढायला लावा, दागिन्याचा नाही. मजुरी आधी ठरवा. आणि मूस थंड झाल्यावर तळाला चिकटलेला काचेसारखा मळ दिसेल, त्यात तुमच्या सोन्याचे कण असतात. बहुतेक दुकानांत तो दुकानदाराकडं राहतो. मोठं काम असेल तर तो मागा, किंवा त्याच्या बदल्यात मजुरी कमी करायला सांगा. चांगला गलाईवाला हसेल आणि देईल.